जुना लेथ: तेल पूर्ण भरलेलं असतं, तरी बेअरिंग कोरडं का राहतं?

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या छोट्या शॉपमधून जुन्या लेथबद्दल (धातूचा जॉब फिरवून कापणारं मशीन) जी तक्रार येते ती बहुतेक अशीच सुरू होते: "भिया, तेल तो पूरा है." पुढचं वाक्य बदलतं. हेडस्टॉक (फिरणारा मुख्य शाफ्ट म्हणजे स्पिंडल आणि त्याचे गिअर असलेली पेटी) तापतो, जॉब पकडणाऱ्या चकच्या मागून तेल गळतं, सॅडल (बेडवर सरकत टूल नेणारा भाग) झटके देत चालतं, बारीक फीडला जॉबवर लाटा उमटतात. पण तेल पूर्ण आहे हे मात्र प्रत्येक जण ठामपणे सांगतो, आणि ते बहुधा खरंही असतं. डबा रिकामा झालेला असतो, काचेत तेल दिसत असतं, बेड चकाकत असतो.

जुन्या लेथमध्ये तेल कमी असण्यापेक्षा ते पोचत नसण्याची भानगड जास्त. आपण ओततो ती जागा आणि तेल लागतं ती जागा यांच्यामध्ये एखादं दोन-तीन मिलिमीटरचं भोक असतं, एखादी वात, तांब्याची नळी, जाळी किंवा बॉल-स्प्रिंग असते. तीस-चाळीस वर्षांत यातलं काही ना काही बंद पडणारच. म्हणून तपासताना टाकीपासून सुरुवात करू नका. शेवटच्या टोकापासून करा: बेअरिंगवर, बुशवर (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची बाही), सॅडलखाली तेल दिसतंय का? दिसत नसेल तर तिथून उलटं मागे चालत या.

दुरुस्तीसाठी हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा, नुसता लीव्हर न्यूट्रलला ठेवू नका. आणि चक फिरत असताना हातात कॉटन वेस्ट नको. एवढं सांगून पुढे जातो.

काचेवर विश्वास ठेवण्याआधी

हेडस्टॉकच्या लेव्हल काचेवर वर्षानुवर्षं तेलाचा पिवळा थर बसतो. टाकी अर्धी झाली तरी तो थर तिथेच असतो आणि लांबून तेलाची पातळी असल्यासारखाच दिसतो. ड्रेन प्लगमधून पाव लिटर तेल काढून बघा. काचेतली रेघ खाली आली नाही, तर ती रेघ म्हणजे डाग आहे. काच काढून घासलेटने धुवा, मागचं भोक बारीक तारेने मोकळं करा. त्या भोकात गाळ बसला असेल तर काचेतलं तेल आणि टाकीतलं तेल यांचा एकमेकांशी संबंधच उरत नाही.

पातळी मशीन बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी बघायची. चालू असताना बरंचसं तेल गिअरवर आणि भिंतींवर असतं, तेव्हा ते कमी दिसतं. मग कोणीतरी अर्धा लिटर वरून ओततो आणि गळती सुरू होते.

हेडस्टॉक तापतो, पण नक्की कुठे?

"गरम होतो" एवढं पुरेसं नाही. मधल्या स्पीडवर, जॉब न लावता, तासभर चालवा आणि हात तीन ठिकाणी ठेवा: पुढच्या बेअरिंगवर, मागच्या बेअरिंगवर आणि मध्ये केसिंगच्या झाकणावर. थर्मामीटरवाली बंदूक असेल तर उत्तमच. नसेल तर हात चालतो. साठ अंशांच्या आसपास कास्टिंगवर तळहात काही सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही.

पूर्ण केसिंग सारखंच तापलं असेल तर तेल जास्त तरी भरलंय किंवा जाड तरी आहे. गिअर त्यातून मार्ग काढताना तेल घुसळतात आणि ती ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. झाकण उघडल्यावर फेस दिसला तर खात्रीच. फक्त पुढचं बेअरिंग तापलं आणि बाकी सगळं कोमट असेल तर एक तर त्या बेअरिंगकडे जाणारी वाट बंद आहे, नाही तर कोणीतरी खेळ (सैलपणा) काढायला मागचा नट गरजेपेक्षा जास्त आवळलाय. टेपर रोलर बेअरिंगवर दाब जास्त झाला की कितीही तेल सोडा, ते तापणारच. नट शेवटचा कधी हलवला ते टर्नरला विचारा. "परवाच टाइट केला, जॉबवर चॅटर येत होता" (म्हणजे थरथरीच्या खुणा) असं उत्तर आलं तर तेलाकडे जायची गरज नाही.

मागचं बेअरिंग तापत असेल तर आधी बेल्ट बघा. ताणलेला बेल्ट मागच्या बेअरिंगला सतत एका बाजूला ओढतो.

तापमान तासाभरानंतर एका जागी स्थिर झालं आणि हात टिकतोय, तर ते नॉर्मल आहे. इंदूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मशीन मुळातच चाळीसच्या पुढे असतं, तेव्हा जानेवारीची सवय ठेवून घाबरू नका. तासाभरानंतरही वाढतच राहिलं तर मात्र थांबवा.

पंप फिरतोय, काचेत धार नाही

हे प्रकरण मला सगळ्यात जास्त वेळा दिसतं आणि सगळ्यात उशिरा लक्षात येतं. ऑल-गिअर्ड (स्पीड गिअरने बदलणाऱ्या) हेडस्टॉकच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत आत छोटा गिअर पंप असतो. तो खालून तेल उचलून वर नळ्यांमध्ये किंवा वाटणीच्या ताटलीत टाकतो, आणि समोरच्या छोट्या काचेत धार पडताना दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर लोक आधी पंप उघडतात. त्याआधी मोटर कोणत्या बाजूला फिरते ते बघा.

मोटर रिवाइंड करून आली, शॉप दुसऱ्या शेडमध्ये हलवलं किंवा मीटरवर लाइन बदलली, की थ्री फेजचे दोन वायर अदलाबदल होतात. क्लच असलेल्या लेथवर ते कोणाला जाणवत नाही, कारण टर्नर लीव्हर खालीऐवजी वर करून स्पिंडल हवं त्या बाजूला फिरवून घेतो आणि काम सुरू. पण इनपुट शाफ्टवरून चालणारा पंप आता उलटा फिरत असतो. साधा गिअर पंप उलटा फिरला की ओढायची बाजू ढकलायला लागते. म्हणजे नळ्यांत तेलाऐवजी हवा. बेअरिंगला तेल मिळतं ते गिअरच्या शिंतोड्यांतून मिळेल तेवढंच. हे महिनोन् महिने चालतं, मग एक दिवस बेअरिंग ओरडायला लागतं.

मोटरच्या पंख्याच्या जाळीवर किंवा पुलीच्या गार्डवर बाण असेल तर तो बघा. नसेल तर लीव्हरवर लिहिलेली दिशा आणि स्पिंडलची दिशा जुळते का ते बघा. जुळत नसेल तर कोणतेही दोन फेज बदला. खर्च शून्य.

दिशा बरोबर असूनही धार नाही? मग ओढण्याच्या बाजूची जाळी. टाकीच्या तळाशी, गाळात बसलेली. त्यात काय काय सापडतं: कॉटन वेस्टचे धागे, गॅस्केटचे तुकडे, जुना रंग, गनमेटलची (तांब्याच्या मिश्रधातूची) चमकी. त्यापुढे ओढण्याच्या नळीचे जोड. तिथे बारीक चीर असेल तर तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, त्यामुळे गळती शोधणाऱ्याला काही सापडत नाही. धार तुटक येते, बुडबुड्यांसह येते, हीच खूण. शेवटी पंपाची झीज. इथवर यायची वेळ क्वचित येते.

चकच्या मागून गळतं

बऱ्याच जुन्या हेडस्टॉकमध्ये स्पिंडलच्या पुढच्या बाजूला रबरी ऑइल सील नसतंच. कव्हरमध्ये चर असतात, तेल त्या चरांत अडकतं आणि खालच्या एका भोकातून परत टाकीत जातं. ते परतीचं भोक बंद झालं की चर भरतात आणि तेल चकच्या फ्लँजवरून बाहेर उडतं. टर्नरच्या छातीवर तेलाची आडवी रेघ उमटते ती इथून.

लोक काय करतात? बाहेरून सिलिकॉन लावतात. कोणी कव्हर लेथवर लावून त्यात ऑइल सील बसवून आणतो. एका शॉपमध्ये कव्हर उलटं बसवलेलं पाहिलं, परतीचं भोक वरच्या बाजूला. कव्हर काढा, भोक मोकळं करा, गॅस्केट कापताना त्या भोकासमोर कागदाला भोक पाडायला विसरू नका, आणि ते तळाशी आलंय याची खात्री करून मगच बोल्ट आवळा. नव्या गॅस्केटनंतर सुरू झालेल्या गळतीचं कारण बहुतेक वेळा न कापलेला तेवढा एक कागद असतो.

जाड तेलाचा उपाय

तापतो म्हणून जाड, गळतो म्हणून जाड, आवाज येतो म्हणून जाड. सियागंजच्या बाजारात जाऊन नव्वद नंबरचं गिअर ऑइल आणायचं आणि ओतायचं. आवाज दोन दिवस खरंच कमी होतो, त्यामुळे उपाय लागू पडला असं वाटतं.

इथे नंबरांचा घोळ आहे. मशीन ऑइलच्या डब्यावर 32, 46, 68 लिहिलेलं असतं, ते आयएसओ व्हीजी आहे: 40 अंश सेल्सिअसला तेलाचा घट्टपणा सेंटीस्टोकमध्ये किती, तो आकडा. गाडीच्या गिअर ऑइलचं 90 दुसऱ्याच मापातलं आहे. ते आयएसओ मापात साधारण 150 ते 220 येतं. म्हणजे 68 ऐवजी 90 टाकणारा माणूस थोडं जाड टाकतोय असं समजतो, प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट जाड टाकतो. तसंच इंजिन ऑइलचं एसएई 30 म्हणजे साधारण व्हीजी 100, आणि एसएई 20 म्हणजे 68 च्या जवळपास. जुन्या इंग्रजी मॅन्युअलमध्ये सेबोल्ट सेकंद (घट्टपणाचं जुनं माप) दिलेले असतात. 100 अंश फॅरनहाइटला 300 सेकंद असं लिहिलं असेल तर आजचं व्हीजी 68 घ्या, 150 सेकंद असेल तर 32.

त्यात माळव्याची थंडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. दहा अंशांना व्हीजी 68 तेल 40 अंशांच्या मानाने सहापटीच्या आसपास घट्ट झालेलं असतं. मग गिअर ऑइलचं काय होत असेल? ते गिअरच्या दातांनी कापलेल्या खोबणीत उभं राहतं, परत वाहून येत नाही, शिंतोडे उडत नाहीत, आणि बारीक नळ्यांतून तर उतरतच नाही. सकाळी पहिला अर्धा तास बेअरिंग कोरडंच. ज्या दिवशी थंडी असेल त्या दिवशी सर्वात खालच्या स्पीडवर दहा मिनिटं मोकळं चालवायचं, मग कामाला लावायचं. जुने टर्नर हे न सांगता करायचे.

दुसरा धोका गनमेटलचा. ईपी (जास्त दाबासाठीच्या) गिअर ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसचे घटक असतात. गरम झाल्यावर त्यांतले काही घटक तांब्याच्या मिश्रधातूंना खातात. बुश, गनमेटलचे गिअर, एप्रनमधला (सॅडलच्या पुढे लोंबणारी फीडच्या गिअरची पेटी) वर्म व्हील काळे पडायला लागतात. सगळी ईपी तेलं तशी नसतात, पण सुट्ट्या कॅनमधून मापून दिलेल्या तेलात काय आहे हे दुकानदारालाही माहीत नसतं.

मॅन्युअल नसेल तर काय टाकायचं? रोलर बेअरिंगच्या ऑल-गिअर्ड हेडस्टॉकसाठी व्हीजी 46 किंवा 68 चं हायड्रॉलिक किंवा सर्क्युलेटिंग ऑइल. गच्च बुशवर जास्त स्पीडने फिरणाऱ्या छोट्या लेथच्या स्पिंडलला त्याहून पातळ, 22 किंवा 32. इंजिन ऑइलबद्दल खूप वाद घातले जातात. माझं मत: अडचणीत एखादा दिवस चालतं, कायमचं नको. त्यातलं डिटर्जंट कचरा तेलात तरंगत ठेवतं, कारण गाडीत पुढे फिल्टर असतो. आपल्या हेडस्टॉकमध्ये फिल्टर नाही, तिथे कचरा तळाशी बसलेलाच बरा. पाणी शिरलं तर हे तेल ते धरूनही ठेवतं. आणि गाडीतून काढलेलं जळकं ऑइल बेडवर मारणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या बेडवर बोट फिरवून त्यांनाच दाखवतो.

बुश असलेला लेथ आणि वाती

कोन पुलीचे (पायऱ्यांच्या पुलीवर बेल्ट सरकवून स्पीड बदलणारे) जुने लेथ अजून बरेच चालू आहेत, विशेषतः डाळमिलच्या पुली आणि शाफ्टचं काम करणाऱ्यांकडे. त्यांत वरच्या कपातून लोकरीची वात बुशमध्ये उतरते. समईच्या वातीसारखीच ती तेल ओढते, फरक एवढाच की हिचं दुसरं टोक कपातल्या तेलाच्या पातळीपेक्षा खाली लोंबायला हवं. ते वर राहिलं तर तेल वातीत चढतं, ठिबकत नाही. नवी वात आखूड कापली की हे होतं.

वात लोकरीचीच घ्या. सुती सुतळी लवकर गच्च होते, नायलॉन तेल नीट ओढत नाही. वातीचे पेड जास्त घातले तर तेल जास्त, कमी घातले तर कमी, एवढं साधं नियंत्रण आहे. वात तेलातला कचरा गाळते, म्हणून काही महिन्यांत ती स्वतःच चोंदते. काळी कडक झालेली वात धुण्यात वेळ घालवू नका, बदला.

"रात्री कप भरला, सकाळी रिकामा, ट्रेमध्ये थारोळं" ही तक्रार असेल तर मशीनमध्ये दोष नाही. अशी वात मशीन बंद असतानाही तेल सोडत राहते. पूर्वी कामगार सुट्टी झाली की वात उचलून कपाच्या काठावर ठेवून जायचे. आता कोणी सांगत नाही म्हणून कोणी करत नाही. काही लेथमध्ये उलट रचना असते, खालच्या टाकीतून नमद्याचा तुकडा स्प्रिंगने स्पिंडलला टेकलेला. तो रात्री गळत नाही. पण स्प्रिंग अडकली तर स्पिंडलला शिवतही नाही, आणि वरून ते कळायला मार्ग नाही. अशा ठिकाणी नमदा काढून बघणं भाग आहे.

बुश तापत असेल आणि तेल नक्की पोचत असेल तर स्पिंडलवर डायल गेज लावा, चकमध्ये दांडा धरून वर उचलून बघा. खेळ जास्त असेल तर तेलाची काही चूक नाही.

तेलाच्या निपलमध्ये ग्रीस, आणि वर रंग

सॅडल, त्यावरची आडवी सरकणारी क्रॉस स्लाइड, लीड स्क्रूची (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) ब्रॅकेट, जॉबचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक, सगळीकडे छोटी बॉल असलेली निपलं असतात. ती तेलाची असतात. नवा हेल्पर ग्रीस गन घेऊन येतो आणि पूर्ण मशीनला ग्रीस भरतो, मालकही खूश. ग्रीस बारीक वाटेत जाऊन बसतं, वर्षभरात साबणासारखं घट्ट होतं, आणि मग त्याच निपलमधून सोडलेलं तेल आत जात नाही, बॉलच्या कडेने बाहेर येतं. बाहेरून ते तेल दिल्यासारखंच दिसतं.

तपासायला निपलवर ऑइल गन घट्ट टेकवा आणि दाबा. हाताला गच्च लागलं आणि शेवटच्या टोकाला तेल उमटलं नाही, तर वाट बंद. निपल काढा, गनमध्ये घासलेट भरून दाबा, थांबा, पुन्हा दाबा. तासभर भिजू दिलं तर सुटतं. मऊ तांब्याची तार चालते, स्टीलची नको, ती आत तुटते. कॉम्प्रेसरची हवा निपलच्या बाजूने मारू नका. अडकलेला बुरादा सरळ बेअरिंगमध्ये जाऊन बसेल. हवा मारायचीच तर बेअरिंगकडून बाहेर.

आणि दसरा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशीन धुवून-पुसून त्यावर हिरवा किंवा करडा रंग मारायची आपल्याकडे पद्धत आहे, पूजेला मशीन छान दिसतं. ब्रश निपलवरून, तेलाच्या भोकांवरून, कपांच्या झाकणांवरून सरळ जातो. पाच-सहा दसऱ्यांनंतर तिथे निपल होतं हेही कोणाला ठाऊक नसतं. जुना लेथ विकत घेतला असेल तर पहिलं काम म्हणजे रंग खरवडून सगळी भोकं शोधणं. मॅन्युअल नसलं तरी तर्क चालतो: जिथे काही फिरतं किंवा सरकतं तिथे तेलाची वाट असणारच. रंगवायच्या आधी प्रत्येक निपलवर ग्रीसचा ठिपका ठेवा, रंग वाळल्यावर पुसून टाका.

सॅडल झटके देतं

बारीक फीडला सॅडल थांबून-थांबून पुढे जातं. साध्या तेलाचा थर हळू वेगाला दोन पृष्ठभागांच्या मधून पिळून निघतो. मग धातू धातूला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. इथे जाड नव्हे, वेगळं तेल लागतं. स्लाइडवे ऑइल म्हणून मिळतं, आडव्या बेडला व्हीजी 68. त्यात चिकटून राहण्याचे आणि घर्षण कमी करण्याचे घटक असतात. हायड्रॉलिक तेल बेडवर दिसायला सारखंच दिसतं, पण कूलंटबरोबर वाहून जातं.

तेल बदलण्याआधी ते सॅडलखाली पोचतं का ते बघा. बेड कोरडा पुसा, सॅडलला तेल द्या, सॅडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा आणि मागे उमटलेला थर बघा. बेडच्या पुढच्या व्ही आकाराच्या पट्टीवर आणि मागच्या सपाट पट्टीवर सलग ओलावा हवा. मध्ये कोरडी पट्टी उमटली तर तिथला चर चोंदलाय. हाताने ओढायचा एकत्रित पंप असेल तर त्याचा दांडा सावकाश, काही मिनिटांत परत खाली गेला पाहिजे. झटकन गेला तर नळी तुटलीय किंवा टाकी रिकामी. अडकून राहिला तर पुढे कुठेतरी बंद आहे.

सॅडलच्या दोन्ही टोकांचे नमद्याचे वायपर बहुतेक लेथवर दगड झालेले असतात किंवा नसतातच. कास्ट आयर्न कापताना उडणारी काळी भुकटी तेलात मिसळली की तिची घासणारी पेस्ट होते. म्हणून कास्ट आयर्नचं काम झाल्यावर आधी कोरडं पुसायचं, मग तेल. उलट क्रमाने केलंत तर आपणच बेड लॅप करतोय, म्हणजे घासून झिजवतोय. जॉबवर पॉलिश पेपर मारतानाही बेडवर कागद अंथरा.

सॅडल फक्त एकाच जागी जड जात असेल तर ते तेल नव्हे. बेड चकजवळ झिजलेला असतो. तिथला खेळ काढायला गिब (सॅडलमधली खेळ काढायची पट्टी) आवळला की टेलस्टॉककडे, जिथे झीज नाही, ते घट्ट होतं. दुसरं कारण आपल्या मातीचं आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि कच्च्या पायावरचा लेथ दर पावसाळ्यात थोडा पिळवटतो. स्पिरिट लेव्हल बेडवर आडवी ठेवा, एकदा चकजवळ, एकदा टेलस्टॉकजवळ. बुडबुडा दोन्हीकडे सारखा नसेल तर आधी पायाचे बोल्ट.

एप्रनमध्ये ताक

एप्रनचं तेल पांढुरकं, ताकासारखं झालं असेल तर त्यात कूलंट शिरलंय. शंका असेल तर तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. हे मोकळ्या जागेत करा, घासलेटचा डबा लांब ठेवून. तेल बदलून भागत नाही, कूलंट कुठून आत येतंय ते शोधावं लागतं: हँडव्हीलच्या शाफ्टची जागा, तेल ओतायच्या भोकाचं हरवलेलं झाकण, किंवा सॅडलमधून खाली उतरणारी वाट. झाकणाऐवजी कोंबलेली चिंधी कूलंट गाळून आत सोडते, अडवत नाही. पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये दमट हवेनेही थोडं पाणी साचतं, पण ते ताक होण्याइतकं नसतं.

फीड गिअर बॉक्समध्ये वरच्या बाजूला बऱ्याचदा एक तबक असतं, त्याच्या भोकांतून तेल थेंबाथेंबाने गिअरवर पडतं. ते तबक रोज भरायचं असतं आणि तिथे बहुधा बोल्ट-नट ठेवलेले सापडतात. बाहेरच्या चेंज गिअरला थोडंसं चिकट तेल किंवा पातळ ग्रीस पुरे, जास्त लावलं तर बेल्टवर उडतं. हाफ नटला (लीड स्क्रूला धरणारा दोन भागांचा नट) तेल द्यायच्या आधी लीड स्क्रूच्या आट्यांतला बुरादा ब्रशने काढा.

धुवून भरताना

जुनं तेल गरम असतानाच काढा, गाळ बरोबर येतो. काढलेलं तेल पांढऱ्या कपड्यावर पसरवून बघा, चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते गिअर किंवा बेअरिंगचं, पिवळी चमकी उरली ती बुशची. थोडी चमकी जुन्या मशीनमध्ये असतेच. कण बोटाला टोचत असतील तर उघडावं लागेल. हे तेल नाल्यात सोडू नका, वापरलेलं तेल घातक कचऱ्याच्या नियमांत येतं.

टाकीचा तळ घासलेट आणि ब्रशने हाताने धुवा, पण घासलेट भरून मशीन चालवू नका. फिरवून धुवायचं असेल तर व्हीजी 10 किंवा 22 चं पातळ तेल भरा, सर्वात खालच्या स्पीडवर, जॉब न लावता काही मिनिटं फिरवा, काढून टाका. कोपऱ्यात उरलेलं घासलेट नव्या तेलाला पातळ करतं, म्हणून प्लग उघडा ठेवून रात्रभर निथळू द्या.

नवं तेल भरल्यावर पंधरा दिवस ते महिनाभराने सगळं पुन्हा पहिल्यासारखं झाल्याचा भास होतो. तेल काळं दिसतं, धार बारीक होते. नवं तेल कोपऱ्यांतला जुना गाळ सुटा करतं आणि तो जाळीवर येऊन बसतो. घाबरून जाड तेल टाकायला धावू नका. जाळी काढून पुन्हा धुवा, तेल फार काळं असेल तर गाळून किंवा बदलून घ्या. दुसऱ्या धुण्यानंतर धार टिकली पाहिजे. टिकली नाही तर पंप उघडायची वेळ आली. आणि भरलेल्या तेलाचा नंबर व तारीख हेडस्टॉकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा, दसऱ्याचा ब्रश तिथे पोचत नाही.